लिंबाचा पहारा

लोखंडाला तोंड होतं आणि ते बंद ठेवायची अक्कल नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. निवृत्ती मिस्त्रींच्या वर्कशॉपात ग्राइंडरच्या चाकावर एक लोखंडी झाकण होतं. चाक फुटलंच तर तुकडे आपल्या अंगावर घ्यायचे, एवढंच त्याचं काम. पण मोठी पट्टी घासताना ते आडवं येई, म्हणून मिस्त्रींनी एका शनिवारी ते काढून टेबलाखाली भिरकावलं आणि त्याच्या जागी लिंबू-मिरची टांगली.

"तू गंज खात बस," लिंबू वरून म्हणालं. "आता इथलं सगळं मी बघतो."

"अरे बाबा, काल मिस्त्रींनी चाक फरशीवर पाडलंय," झाकण कळवळून म्हणालं. "तडा गेलाय त्याला."

"मी असताना फुटायची त्याची काय बिशाद!"

मिस्त्रींनी बटण दाबलं. चाकानं वेग घेतला आणि ते फाडकन फुटलं. एक तुकडा मिस्त्रींचा कान सोलून भिंतीत घुसला, दुसऱ्यानं लिंबाचा चेंदामेंदा केला. मिस्त्री डोळे चोळत, बोंबलत नळाकडे पळाले.

संध्याकाळी कानाला पट्टी बांधून ते येईल त्याला सांगत होते, "लिंबानं अंगावर घेतलं, म्हणून वाचलो!" मग त्यांनी नवं चाक बसवलं आणि वर चांगली दोन लिंबं टांगली.

त्यातल्या टपोऱ्या लिंबानं तोऱ्यात खाली पाहिलं. "काय रे गंजक्या, आमच्या आधीचे साहेब कुठं गेले?"

"मिस्त्रींच्या डोळ्यात," झाकण म्हणालं.