ढब्बूचा उष्टा हातमोजा

एक होती चिंगुली. मांजरीचं एवढुस्सं पिल्लू. तिच्या कानावरचे केस गेले. कान खाजतो, खरर खरर!

ढब्बू कुत्र्याचाही कान खाजत होता. दोघांना सांभाळणाऱ्या इंदूमावशीनं हातमोजा घातला. नवा, रबरी, पांढराशुभ्र. ढब्बूला मलम लावलं. मग मोजा धुतला आणि दोरीवर वाळत घातला.

चिंगुलीचा नुसता जळफळाट! हो, मांजरं पण जळतात बरं का.

"ये गं, तुलाही लावते," म्हणत मावशीनं दोरीवरचा मोजा काढला.

"शी! ढब्बूचा उष्टा मोजा? मला नवा हवा!"

"मग आण जा मोज्यांच्या खोक्याकडून."

चिंगुली निघाली टुणुक टुणुक.

"खोक्या खोक्या, नवा मोजा दे."

"नाही देणार जा! शेजारच्या बरण्या बघ कशा चकाचक. माझ्यावर धूळच धूळ. फडक्याला सांग, मला पूस."

टुणुक टुणुक.

"फडक्या फडक्या, खोका पूस. खोका मोजा देईना, कान खाजायचा थांबेना!"

"नाही पुसणार जा! मोज्याला आंघोळ, आणि मी कोरडं? नळाला सांग, मला भिजव."

टुणुक टुणुक.

"नळा नळा, फडकं भिजव. फडकं खोका पुसेना, खोका मोजा देईना, कान खाजायचा थांबेना!"

"नाही भिजवणार जा! मावशीची लेक रेवा सारखी पंख्याचं बटण दाबते. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. तिला सांग, मला सोड."

टुणुक टुणुक.

"रेवा रेवा, नळ सोड. नळ फडकं भिजवेना, फडकं खोका पुसेना, खोका मोजा देईना, कान खाजायचा थांबेना!"

रेवानं गाल फुगवले. "नाही सोडणार जा! आई सारखी तुमचेच कान बघते. आधी माझ्यासाठी नाच!"

चिंगुली नाचली. गरगर गरगर, धप्प! रेवा खुदकन हसली.

रेवानं नळ सोडला. नळानं फडकं भिजवलं. फडक्यानं खोका पुसला. खोक्यानं मोजा दिला, सर्रकन! मावशीच्या हातात बसला. ना ढगळ, ना घट्ट.

मलम लागलं. गार गार! खाज पळाली.

मावशीनं मोजा उलटा करून काढला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. दोरीवरचाही टाकला. हात धुतले, खळखळ खळखळ.

"खरंय गं चिंगुले. एकदा वापरला की उष्टाच."

ढब्बू भुंकला, "भू भू! मग मला पण नवा!"

"हो रे बाबा, उद्या तुलाही नवा."

पण चिंगुलीला कुठला भरवसा! उडी मारून डब्याच्या झाकणावर बसली.

"आतला मोजा माझा! ढब्बूनं हात लावायचा नाही!"

अजून तिथंच बसलीय. शूऽऽ... झोपली वाटतं.