चौदाव्या थांब्याची फुली

“माझं ऐकत नाही, प्लॅनचं ऐकत नाही… मग आण्णा, हा कॅमेरा ऐकतो तरी कुणाचं?”

ऋजुता सबनीसनं हे विचारलं तेव्हा ड्रोन तिच्या पायाशी चटईवर उतरला होता आणि तिचा आवाज वर चढला होता.

आण्णा केंजळे दगडावर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी मळणं पुरं केलं, चिमूट दाढेत ठेवली, चुन्याची डबी खिशात टाकली आणि मगच मान वर केली.

“पहिल्यापासून सांग.”

“दोनदा सांगितलंय.”

“मला दोन्ही वेळा कळलं नाही.”

आण्णांनी चौतीस वर्षं जमिनी मोजल्या. आधी साखळीनं, मग दुर्बिणीनं. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात. आण्णा ड्रोन उडवायला शिकले, आणि नंतर शिकवायला लागले. ऋजुता त्यांच्या हाताखाली तीन महिने शिकली होती. त्याआधी ती कोल्हापुरात लग्नांचं ड्रोननं चित्रीकरण करायची. मांडवात कितीही गर्दी असो, नवरी कधी चौकटीबाहेर जायची नाही, असं तिचं नाव होतं. ते नाव तिला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं.

आण्णा आजच सकाळच्या एसटीनं आले होते. बोलावलं तिनंच होतं. पण बोलावल्याचा रागही तिलाच आला होता.

तिनं तिसऱ्यांदा सांगितलं.

समोरच्या डोंगराला भेग पडली होती. भेगेखाली आवळवाडी, सव्वीस घरं. माणसं नऊ दिवस खालच्या गावातल्या शाळेत झोपत होती. ऋजुताचं काम एवढंच, की रोज तोच प्लॅन ड्रोनला द्यायचा आणि ड्रोननं आपणहून तीस थांबे घ्यायचे. प्रत्येक थांब्याला उंची तीच, जागा तीच, कॅमेऱ्याची मान तेवढीच वाकलेली. थांबायचं, फोटो घ्यायचा, पुढं जायचं. मग सोमवारच्या फोटोशेजारी आजचा फोटो ठेवायचा. डोंगर हातभर जरी सरकला तरी दिसलं पाहिजे.

“सोमवारी तीसच्या तीस फोटो बरोबर आले,” ती म्हणाली. “मंगळवारपासून बिघडलं. तेरा थांब्यांपर्यंत नीट. चौदावाही नीट. पंधराव्यापासून कॅमेऱ्याची मान वाकतच नाही. एकदा जिथं अडकली तिथंच. शेवटचे सोळा फोटो रोज वाया.”

“काय काय केलंस?”

“सगळं केलं. कॅमेऱ्याची मान वळवणारं गिम्बल उघडून पुसलं. सपाट जागी ठेवून पुन्हा जुळवलं. सॉफ्टवेअर नवं घातलं. प्लॅन पुसून पहिल्यापासून लिहिला. सोमवारी रात्री पावसानं झोडपलं होतं, मला वाटतं तेव्हाच ओल गेली आत.”

“आणि चौदावा?”

“चौदाव्याला खडकावर खुणेसाठी रंगवलेली आपली पांढरी फुली आहे ना, ती रोज फोटोच्या बरोबर मधोमध येते. तिथं काही हललेलं नाही, हे मी बुधवारीच कळवून टाकलं.”

आण्णांनी डोंगराकडं मान वळवली.

“चार वाजता तालुक्याच्या साहेबांना उत्तर द्यायचंय,” ती म्हणाली. “लोकांना वर जाऊ द्यायचं की नाही. दोन बॅटऱ्या राहिल्यात. तीननंतर धुकं उतरतं. आता बोला.”

थोड्या अंतरावर हौसाबाई शेलार बोचक्यावर बसल्या होत्या. त्यांचं घर चौदाव्या थांब्याच्या बरोबर खाली. रोज त्या इथं येत, ड्रोन उतरेपर्यंत बसत आणि एकच प्रश्न विचारत. आज येताना त्यांनी बोचकंही बांधून आणलं होतं.

“रिमोट बघू,” आण्णा म्हणाले.

त्यांनी रिमोट घेतला, पाठ फिरवली, उलटासुलटा करून पाहिला. धोतराच्या सोग्यानं काच पुसली. बराच वेळ लावला.

“त्यात काही नाही,” ऋजुता म्हणाली. “बिघाड वर आहे, ड्रोनमधे.”

“असेल.” त्यांनी रिमोट परत दिला. “उडव.”

ड्रोन उठला. वाडीवरून वळून डोंगराला गेला आणि एकेक थांबा घ्यायला लागला. ऋजुता पडद्याकडं पाहत होती. हौसाबाई आभाळाकडं पाहत होत्या. आण्णा कुठंच पाहत नव्हते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

“तेरा,” ती मोजत होती. “चौदा… आली फुली मधोमध. पंधरा… गेलं! बघा, पुन्हा तेच. आण्णा, झोपलात काय?”

“उतरव.”

ड्रोन उतरला. एक बॅटरी खर्ची पडली. ऋजुताला रडू फुटायच्या बेतात होतं, पण आण्णांसमोर रडण्यापेक्षा ती डोंगरावरून उडी टाकती.

“डावा हात दाखव,” आण्णा म्हणाले.

“आता हात बघून सांगणार का?”

“हो.”

तिनं हात पुढं केला. पहिल्या बोटाचं टोक पांढरं झालं होतं.

तिनं बोटाकडं पाहिलं. मग रिमोट उलटा केला. डाव्या खांद्यावर, जिथं ते बोट टेकतं, तिथं कॅमेऱ्याची मान हातानं वरखाली करायचं छोटं चाक असतं. चाकाच्या दात्यांत तंबाखूचा चुना बसलेला होता. थोडा होता, थोडा निघून आला होता.

“हे तुम्ही…”

“हो.”

“चुकून लागलं असेल बोट.”

“चुकून लागलं तर ठिपका उमटतो. हा ओढला गेलाय.”

“मी चाकाला हातसुद्धा लावलेला नाही, आण्णा. शपथ घेऊन सांगते.”

“घे.”

तिनं शपथ घेतली नाही.

या यंत्राची रीत तिला पाठ होती. प्लॅन चालू असताना माणसानं एकदा चाक फिरवलं, की प्लॅन कॅमेऱ्यावरचा हक्क सोडतो. ड्रोन पुढचे थांबे घेत राहतो, पण कॅमेऱ्याची मान मात्र माणसानं ठेवली तिथंच राहते, घरी परतेपर्यंत. परीक्षेत हाच प्रश्न होता. तिनं उत्तर बरोबर लिहिलं होतं आणि खाली आकृतीही काढली होती.

ती मटकन खाली बसली. मग हसली. चार दिवसांत पहिल्यांदाच हसली असावी.

“म्हणजे बिघाड माझ्या बोटात.”

“निम्मा.”

“निम्मा का? सापडलं की आता! चाकावर चिकटपट्टी मारते, झालं.”

“बोट चौदाव्यालाच का गेलं?”

“सवय आहे. लग्नातली.”

“सवय तेराव्याला नव्हती?”

…

“सोमवारी नव्हती?”

ऋजुताला या प्रश्नांचा कंटाळा आला. घड्याळात अडीच वाजले होते आणि डोंगराच्या खांद्यावर धुक्याची पहिली चिंधी लागली होती. तिनं शेवटची बॅटरी बसवली. मग रिमोट उचलला आणि आण्णांच्या मांडीवर ठेवला.

“तुम्हीच धरा. माझा माझ्यावर भरवसा नाही.”

आण्णांनी तो तिच्या हातात परत दिला.

“वारा आला, घार आली, तर कोण आवरणार? हात सोडायचा नाही.”

“मग?”

“बोट सोडायचं.”

ड्रोन उठला.

पहिले तेरा थांबे झाले. या वेळी आण्णांचे डोळे उघडे होते. ऋजुतानं डावं पहिलं बोट ताठ बाहेर काढून ठेवलं होतं, गरम तव्याला लागू नये तसं.

“चौदा,” ती म्हणाली.

ड्रोन थांबला. पडद्यावर खडक आला. पांढरी फुली आली, पण मधे नव्हती. खालच्या अंगाला होती, दोन बोटं खाली.

तिचं बोट वळलं. तिनं ते पाहिलं. स्वतःचं बोट वळताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

“आण्णा, फुली खाली गेलीय.”

…

“जरासंच वर घेऊ? एकच दाता. फोटो निघायला अजून दोन सेकंद आहेत.”

…

“आण्णा!”

आण्णांनी तंबाखू थुंकली आणि तोंड पुसलं.

फोटो निघाला. ड्रोन पुढं गेला. पंधराव्याला कॅमेऱ्यानं मान वाकवली, सोळाव्याला आणखी वाकवली, सतराव्याला उचलली. एखाद्या शहाण्या पोरासारखा तो तीसच्या तीस थांबे करून परत आला, चटईवर बसला आणि गप्प झाला.

धुकं निम्म्या डोंगरापर्यंत उतरलं होतं.

ऋजुतानं फोटो लॅपटॉपवर घेतले. खुशी होती, पण पुरती नव्हती.

“एकोणतीस बरोबर आलेत,” ती म्हणाली. “मान सगळीकडं प्लॅनप्रमाणं वाकलीय. फक्त हा चौदावा. इथं अजून दोष आहे. कॅमेरा इथं जरा वर बघतोय, म्हणून फुली खाली येते. मंगळवारपासूनच येत असणार, म्हणून तर माझं बोट…”

ती थांबली.

“म्हणून तर तुझं बोट काय?”

“काही नाही.”

“सोमवारचा चौदावा काढ.”

तिनं काढला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. सोमवारची फुली मधोमध, आजची दोन बोटं खाली.

“आता फुली बघू नकोस,” आण्णा म्हणाले. “भेगेच्या वरचा उघडा कडा बघ. त्याच्यावर पाणी ओघळून काळा डाग पडलाय. तो सोमवारी कुठं होता?”

“वरच्या डाव्या कोपऱ्यात.”

“आज?”

तिनं पाहिलं. पट्टी लावून मोजलं. पुन्हा मोजलं.

डाग सोमवारी होता तिथंच होता. केसभरही इकडचा तिकडं नव्हता.

कॅमेरा वर पाहत असता तर डागही खाली आला असता. तो आला नव्हता. कॅमेरा सोमवारी जिथं पाहत होता तिथंच आजही पाहत होता. कडा होता तिथं होता. भेगेखालचा खडक तेवढा, फुलीसकट, खाली गेला होता.

तिनं पंधरावा काढला. सोळावा, सतरावा. चार दिवसांत हे फोटो आज पहिल्यांदा नीट आले होते. तिन्हींत भेगेखालची जमीन खाली होती. विसाव्यानंतर मात्र सगळं सोमवारसारखंच होतं. तिनं हिशेब केला: पडद्यावरची दोन बोटं म्हणजे डोंगरावर दीड हात.



“ताई, झालं का?” हौसाबाई बोचकं काखेत मारून जवळ आल्या होत्या. “जाऊ ना आता घरला?”

“नाही मावशी.” ऋजुताचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. “घरी नाही जायचं. वर कुणीच जायचं नाही. डोंगर सरकलाय.”

“आवं, बुधवारी तुमीच म्हनला, फुली मदी हाय, भ्यायचं न्हाई. म्हनून तर काल मी जाऊन आले. दाणं काढलं, चूल सारवली. घटकाभर उंबऱ्यात पडले बी.”



हौसाबाईंनी डोंगराकडं पाहिलं. धुक्यात आता वाडी दिसत नव्हती. त्यांनी बोचकं खाली ठेवलं, त्याच्यावर बसल्या, आणि थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाल्या, “चांगली गार जमीन होती. डोळा लागला माजा.”

ऋजुतानं फोन लावला. साहेबांना सगळं सांगितलं. बुधवारी आपण जे कळवलं ते चूक होतं, हेही सांगितलं. का चूक झालं हे त्यांनी विचारलं तेव्हा “कॅमेरा बिघडला होता” हे शब्द तिच्या ओठांवर आले. ते तिनं गिळले.

“मी हातानं फिरवत होते,” ती म्हणाली.

वाटेवर पहारा बसवायला माणसं निघाली. हौसाबाईंना न्यायला शाळेतून कुणीतरी आलं. ड्रोन पेटीत गेला. आण्णा पुन्हा दगडावर बसले. ऋजुता त्यांच्यासमोर उभी राहिली. आता रडू आलं तर येऊ दे, असं तिला वाटलं, आणि ते आलं.

“लग्नात मला कधी कुणी नावं ठेवली नाहीत, आण्णा. नवरी हलली की मी तिला पुन्हा मधे घ्यायची, कुणाला कळायचंसुद्धा नाही… इथंही तेच केलं. तीन दिवस. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी. न चुकता ती फुली मधोमध आणून ठेवली मी.”

आण्णांनी खिशातून डबी काढली. उघडली. थोडा चुना नखावर घेतला.

“आणि डोंगर आला का वर?”