सखाहरीचा पंचा आणि साहेबांचा बूट

एका गावात एक भोळा गडी राहत होता. नाव त्याचं सखाहरी. उद्योग काही नव्हता, पण उद्योजक व्हायचं होतं.

गाव सोलापूरकडचं. सखाहरीची बायको येसू. येसूच्या हातची शेंगांची चटणी खाल्ली की पाहुणा आणखी एक भाकरी मागायचा, आणि नको नको म्हणत तीही संपवायचा. पण चटणीचं नुसतं कौतुक व्हायचं. कौतुकावर चूल पेटत नाही. म्हणून येसू रोज दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. संध्याकाळी पाठ धरून यायची. तिच्या मनात एकच होतं. चटणीचा धंदा चालावा आणि हे खुरपं एकदाचं वळचणीला खोचून टाकावं.

सखाहरी म्हणायचा, "धंद्याचं माझ्यावर सोड. मी शिकतोय."

शिकत होता तो रेडिओवर. दर रविवारी सकाळी 'उद्योगाची वाट' नावाचा कार्यक्रम लागायचा. आधी जगभरच्या व्यापाराच्या बातम्या. मग ज्यांना नवा धंदा काढायचा आहे ते फोन करून प्रश्न विचारायचे, आणि करमरकरसाहेब नावाचे मोठे सल्लागार उत्तरं द्यायचे. सखाहरी रेडिओपुढं मांडी घालून बसायचा. मनात भरलेला सल्ला विसरू नये म्हणून खांद्यावरच्या पंच्याला गाठ मारायचा. गाठ मारली की सल्ला पक्का. तो कुठं वापरायचा, हे मात्र गाठीत मावत नसे.

एका रविवारी बातमी आली. दूरच्या कुठल्याशा देशात थंडीनं कॉफीचं पीक करपलं होतं. भाव दुप्पट झाला होता. करमरकरसाहेब म्हणाले, "साधी गोष्ट आहे. माल कमी झाला की भाव चढतो."

सखाहरीने पंच्याला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार. येसूनं परसातली वांगी दोन पाट्या भरून दिली. सखाहरी ओढ्यापाशी थांबला. त्यानं एक पाटी ओढ्यात उलटी केली. माल कमी झाला. मग तो बाजारात जाऊन बसला आणि दुप्पट भाव सांगू लागला.

"दुप्पट कशापायी?" एका बाईनं विचारलं.

"माल कमी हाय."

"कुठं कमी हाय? बाजारभर वांगीच वांगी पडलीत की!"

"त्यांच्याकडं असतील," सखाहरी म्हणाला. "माझ्याकडं कमी हाईत."

संध्याकाळी सुकलेली वांगी घेऊन तो परत आला. येसूनं ती चिरली. घरात चार दिवस वांग्याचीच भाजी होती.

रविवारी सखाहरीने कार्यक्रमाला फोन लावला. त्याचा आवाज रेडिओतून सगळ्या गावानं ऐकला.

"साहेब, माल कमी केला, पण भाव चढला न्हाई."

करमरकरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "अहो, अख्ख्या बाजारातला माल कमी व्हावा लागतो, तुमच्या एकट्याचा नव्हे! तुम्ही वेष्टनाकडे लक्ष द्या. परदेशातली एक कंपनी नुसत्या खोक्यावर कोट्यवधी खर्च करते. माल असा गुंडाळा, की आत काय आहे ते बघायची गिऱ्हाइकाला घाई झाली पाहिजे."

सखाहरीने दुसरी गाठ मारली.

पुढच्या बाजाराला बोकड विकायचा होता. गणपतीच्या मखराचा चकचकीत कागद घरात पडून होता. सखाहरीने त्यात बोकड गुंडाळला, शिंगांपासून शेपटीपर्यंत. वरून सुतळी आवळली. खाली चार खूर तेवढे दिसत होते.

बाजारात एक व्यापारी आला. बोकड घेणारा माणूस आधी दात बघतो, मग पाठ दाबतो. त्यानं हात पुढं केला.

"कागद काढा. दात बघू दे."

"आधी घ्या, मग उघडा."

"आत काय हाय ते तरी कळू दे!"

"बघायची घाई झाली न्हवं?" सखाहरी खूश झाला. "तसंच व्हायला पायजे."

"आतून बें बें ऐकू येतंय."

"येत असंल."

व्यापारी कपाळाला हात लावून निघून गेला. इकडं बोकडाला आत उकडायला लागलं. तोंड पुरेल तिथवर त्यानं कागद खाल्ला, सुतळी तोडली आणि तो जो उधळला, तो उरलेल्या झगमगाटासकट गावात शिरला. देवीनं बोकड धाडला असं समजून दोन म्हाताऱ्यांनी त्याला हात जोडले.

येसू म्हणाली, "बोकड स्वतःच्या पायांनी घरी आला. त्याला अक्कल हाय."

रविवारी सखाहरीने पुन्हा फोन लावला.

"सखाहरीराव," करमरकरसाहेब म्हणाले, "जिवंत माल गुंडाळत नाहीत हो. झाकलेलं कोण घेणार? गिऱ्हाइकाला नमुना द्या. वाटेत भेटेल त्याला चिमूटभर फुकट चाखू द्या. जिभेला पटलं की हात आपोआप खिशात जातो."

सखाहरीने तिसरी गाठ मारली.

त्याच आठवड्यात देवीचा दिवस आला. चटणीला गिऱ्हाईक मिळावं म्हणून येसूनं देवीला पुरणपोळीचा नैवेद्य बोलला होता. पहाटे उठून सोवळ्यात स्वयंपाक केला. केळीच्या पानावर पोळी, भात, कटाची आमटी, सगळं वाढून ताट सखाहरीच्या हाती दिलं.

"सरळ देवळात जावा. कुठं थांबू नका."

सखाहरी थांबला नाही. चालता चालताच वाटत गेला. सुतारआळीत सुताराला एक तुकडा दिला, शाळेपाशी मास्तरांना एक दिला, पारावर बसलेल्या सगळ्यांना थोडाथोडा दिला. "नमुना हाय, चाखून बघा," असं म्हणत गेला. एका कुत्र्यालाही दिला. उद्या गिऱ्हाईक कोण होईल, सांगता येत नाही.

देवळात पोचला तेव्हा पानावर पोळीची कड तेवढी उरली होती.

गुरव डोळे वटारून म्हणाला, "आरं, हे काय? गावानं उष्टावलेला निवद देवीला दाखवतोस?"

"देवीलाबी नमुनाच हाय," सखाहरी म्हणाला. "आवडला तर पुरी पोळी घरी हाय म्हणावं."

येसूनं हे ऐकलं आणि ती धपकन खाली बसली. वांगी गेली, त्याचं तिला एवढं वाटलं नव्हतं. पण देवी रुसली तर काय करायचं? तिनं पुन्हा पुरण शिजवलं आणि ताट स्वतः नेऊन दाखवलं.

रविवारी करमरकरसाहेबच आधी म्हणाले, "सखाहरीराव, आज काय?"

सखाहरीने नैवेद्याची हकिकत सांगितली. रेडिओत बराच वेळ नुसता खोकल्याचा आवाज येत राहिला.

"अहो, देवाला नमुना देत नाहीत," साहेब अखेर म्हणाले. "पण मला एक सांगा. वांगी झाली, बोकड झाला, पुरणपोळी झाली. तुम्हाला नेमकं विकायचंय काय?"

"येसूची शेंगांची चटणी."

"मग नमुना चटणीचा का नाही दिलात?"

"ती कशी द्यायची साहेब? ती इकायची हाय!"

साहेब हसत सुटले. हसता हसता म्हणाले, "गुरुवारी मला तुमच्याच बाजूला काम आहे. मी स्वतः येतो चटणी चाखायला. परदेशात माल पाठवणारे माझ्या ओळखीचे आहेत. पसंत पडली, तर तुमच्या येसूबाईंना सवड मिळायची नाही."

येसूनं चुलीपुढूनच हात जोडले. देवीला, रेडिओला, दोघांनाही. तिला इतका आनंद झाला की तव्यावरची भाकरी करपली.

कार्यक्रम मात्र अजून संपला नव्हता. एका पोरीनं फोन करून विचारलं, "आमची कृती कुणी चोरली तर?"

साहेब म्हणाले, "कृती हेच खरं भांडवल. सरबताची एक जगप्रसिद्ध कंपनी आपली कृती कुलपात ठेवते. तुम्हीही ठेवा. कुणी गोड बोलून चौकशी करायला आला, तर दारातूनच परत लावा. अगदी माझं नाव सांगून आला तरी भुलू नका!"

सखाहरीने चौथी गाठ मारली. चांगली आवळून मारली.

गुरुवार उजाडला. येसूनं अंगण सारवलं. शेंगा भाजल्या, लसूण सोलला, उखळात चटणी कुटली. तेल सुटलं. वास पार वेशीपर्यंत गेला. मग ती बरणी आणायला कोठीच्या खोलीत शिरली.

सखाहरी विचार करत उभा होता. कृती कुलपात ठेवायची. पण कृती आहे कुठं? कागदावर नाही, भिंतीवर नाही. कृती आहे येसूच्या डोक्यात.

त्यानं कोठीचं दार ओढलं. कडी लावली. कुलूप घातलं. किल्ली पंच्याच्या टोकाला गाठीत बांधली आणि तो उंबऱ्यावर जाऊन बसला.

थोड्या वेळानं पारापाशी गाडी थांबली. चकचकीत बूट घातलेले एक गृहस्थ चालत आले.

"येसूबाईंचं घर हेच का? मी करमरकर."

"तुमी हेच म्हणनार, ते साहेबांनी आदीच सांगितलंय."

"अहो, मीच तो साहेब! आवाज ओळखला नाहीत?"

"आवाज ब्येस काढलाय," सखाहरी म्हणाला. "पण आमी भुलायचो न्हाई."

आतून दारावर धडाधडा थापा पडल्या. "साहेब! थांबा! जाऊ नका!"

गृहस्थ दचकले. "आत कोण आहे?"

"गुपित."

"अहो, गुपित ओरडतंय!"

"पयलाच दिवस हाय. हुईल सवय."

गृहस्थांनी परोपरीनं समजावलं. सखाहरी ढिम्म हलला नाही. अखेर ते वैतागून म्हणाले, "गाडीकडे जायची जवळची वाट तरी दाखवा." भामट्याला चांगली वाट कशाला, म्हणून सखाहरीने ओढ्याची वाट दाखवली. तिथं गुडघाभर चिखल होता.

मग त्यानं निवांतपणे कुलूप काढायला घेतलं. पण किल्ली कोणत्या गाठीत?

"ह्या गाठीत माल कमी," त्यानं एक सोडली. "ह्यात कागद. ह्यात नमुना."

"किल्ली!" येसू आतून किंचाळली.

किल्ली शेवटच्या गाठीत निघाली. येसू धावत ओढ्यापर्यंत गेली. गाडी गेली होती. चिखलात रुतलेला एक डावा बूट तेवढा राहिला होता. तो हातात घेऊन ती ओढ्याकाठी बसली. रडली नाही, पण आवाज ओला होता.

"आज मीठ अगदी बराबर पडलं हुतं," ती म्हणाली.

रविवारी सखाहरीने मोठ्या अभिमानानं फोन लावला. "साहेब, तुमचा शब्द पाळला. एक भामटा आला हुता, तुमचं नाव सांगत. आवाजबी तुमचाच काढत हुता. दिला वढ्यातनं घालवून."

गावातल्या सगळ्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

"सखाहरीराव," साहेब म्हणाले, "त्या भामट्याचा डावा बूट तुमच्याकडेच राहिलाय."

येसूनं नवऱ्याच्या हातातला फोन हिसकावला. "साहेब, येसू बोलतेय. बूट मी धुतलाय, वाळवलाय, पालिश करून ठेवलाय. चूक पोटात घाला."

साहेब हसले. मनापासून हसले. "येसूबाई, चटणीचा वास मला दाराबाहेरसुद्धा आला होता. अजून नाकातून जात नाही. बूट पाठवून द्या, आणि त्याच्याबरोबर चटणी. चवीला वासासारखीच असली, तर पहिली मागणी माझी."

येसूचा चेहरा असा उजळला, की शेजारच्या बायका बघतच राहिल्या.

तेवढ्यात पुढच्या माणसाचा फोन लागला. त्याचा खर्च फार होत होता. साहेब त्याला म्हणाले, "एका वस्तूत दोन कामं भागत असतील, तर दुसरी वस्तू लावू नका."

सखाहरीने गाठ मारली.

येसूनं ताजी चटणी कुटली. स्वतःच्या हातानं नव्या कोऱ्या डब्यात भरली. शेजारी बूट ठेवला. वर पिशवी ठेवली. त्या दिवशी तिला रानात जायचंच होतं. शब्द दिला होता, आणि तो दिवस शेवटचा, असं तिनं बायांना सांगूनही टाकलं होतं.

"हे बगा," ती नवऱ्याला म्हणाली. "बूट आन् चटणी, दोन्ही पिशवीत घाला. दुपारच्या एसटीनं धाडा. डोकं चालवू नका."

"न्हाई चालवत," सखाहरी म्हणाला.

संध्याकाळी येसू गाणं गुणगुणत परत आली. पाठ दुखत होती, पण तिचं लक्षच नव्हतं. हातातलं खुरपं वळचणीला खोचायला तिनं वर नेलं, आणि तिची नजर फडताळावर गेली. तिथं नवा कोरा डबा होता. घासूनपुसून पालथा घातलेला.

"आवं," येसू हळूच म्हणाली, "ह्यो डबा हितं कसा?"

"वाचवला!" सखाहरी म्हणाला. "एका वस्तूत दोन कामं भागली. चटणी बुटातच भरली. पार अंगठ्यापतुर दाबून भरली, सांडायचं नाव न्हाई. वर नाडी आवळली आन् मखराचा उरलेला कागद गुंडाळला. उघडायची घाई हुईल साहेबांना!"

येसूनं वर नेलेलं खुरपं खाली घेतलं, कमरेला पदर खोचला आणि उद्याच्या कामाचं विचारायला ती आल्या पावली परत रानाकडं निघाली.

"अगं, निघालीस कुठं?" सखाहरी घाबरून मागनं ओरडला. "साहेबांचा उजवा बूट आला, तर भरायचा कुणी?"