फडताळातल्या फण्या

फण्यांना अजून बोलता येत होतं त्या काळी गंगाजी नावाचा एक तापट कासार होता. रोज विंचरून झालं की फणीत अडकलेले केस बघून तो फणीलाच शिव्या घालायचा. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले, तेव्हा त्याने लाकडी फणी फडताळात फेकली. टाळू विरळ झाली, तेव्हा शिंगाची फेकली. पुढचं टक्कल आणि टाळूवरचं टक्कल एकमेकांना भिडायला आलं, तेव्हा पितळेची फणी आपटत तो म्हणाला, "भवाने, तूच खाल्लेस माझे केस."

पितळेची फणी भडकली. "मालक, तोंड सांभाळून बोला. मी या घरात आले तेव्हा तुमचे कोपरे गेलेले होते आणि टाळूही दिसत होती. त्या दोघींनी काही केलं नाही, मीही नाही. जे आपणहून गळलं तेवढंच आम्ही गोळा केलं. आरशाच्या वर तुमच्या वडिलांची तसबीर आहे. रोज तिच्यापुढे हात जोडता, पण डोळे मिटून. एकदा डोळे उघडून त्यांचं डोकं बघा. कानांवर झालर तेवढी उरली आहे. तुम्ही तिकडेच निघालात."

गंगाजीने तिलाही फडताळात भिरकावलं आणि दार धाडकन लावलं.

दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून हस्तिदंती फणी आणली. विंचरण्याआधी तो तसबिरीपुढे उभा राहिला, हात जोडले, आणि रोजच्यापेक्षा जरा जास्तच घट्ट डोळे मिटले.