माती खाल्लेलं गाव

हा उतार नीट पाहून घ्या. वरच्या अंगाला तांबडी माती, खालच्या अंगाला काळी, आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही अशा कालवल्या आहेत की निवडू म्हटलं तरी निवडता येत नाहीत. पंचक्रोशीतले लोक आम्हाला 'माती खाल्लेल्या गावचे' म्हणून चिडवतात. चिडवू देत. आम्ही खरंच खाल्ली आहे.

माणूस मातीचा, हे कुठे सांगत नाहीत? आमचे हमीदचाचा म्हणतात, आदम मातीचा. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरही तेच सांगतात. आमच्या भुईआईने म्हणे याच उतारावर बसून माणसं घडवली. तांबडी माती हाताशी संपली, तशी तिने काळी ओढली. तिने त्यात वरचं-खालचं काही मानलं नाही, ते आमच्या पूर्वजांनी मानलं. वरच्या आळीचे म्हणाले, आम्ही तांबड्या मातीचे, म्हणून विहीर आमची. पुरायचंसुद्धा ज्याने त्याने आपापल्या मातीत.

एका कोरड्या वर्षी खालच्या आळीतली झेलू तापाने फणफणलेलं लेकरू कडेवर घेऊन विहिरीवर आली. पाटील रायाजी काठावर उभा होता. त्याच्याही घरी मूल तापात पडलेलं. तरी तो म्हणाला, "तुमची माती निराळी. माघारी जा." सांगायला लाज वाटते, पण काठावरच्या एकानेही आपली घागर कलती केली नाही. झेलूचं लेकरू वाटेतच गेलं. पाठोपाठ रायाजीचंही गेलं. एकाला काळ्या मातीत पुरलं, दुसऱ्याला तांबड्या.

मग पाऊस असा कोसळला की उतारच घसरला. भुईआईने म्हणे तो पुन्हा मळायला घेतला. रायाजी धावत आला, तर खुणेचा दगड नाही की जागा नाही. सगळा एकच चिखल, आणि त्यात झेलू बसलेली.

"बाई, माझं लेकरू कुठं असंल?"

"तुमीच सांगा, पाटील. माती तुमास्नी वळखाया येती."

जमीन जोखायला शेतकरी माती जिभेवर ठेवतो, तशी रायाजीने इथली चिमूट ठेवली, मग तिथली. चव एकच लागली. आपलं कोणतं आणि तिचं कोणतं, त्याला सांगता येईना. मान खाली घालून तो एवढंच म्हणाला, "झेलूबाई, मी माती खाल्ली." ती उठून निघून गेली. तिने माफ केलं, असं आमच्याकडे कुणीही सांगत नाही.

आजही पेरणीआधी सारं गाव इथे जमतं. पाटलांच्या घरचा माणूस पहिली चिमूट जिभेवर ठेवतो, मग आम्ही सगळे. चूळ भरायला पाणी देते ती खालच्या आळीतली बाई, आणि तेही तिच्या मनात येईल तेव्हा. तोवर तोंडात माती धरून आम्ही उभे असतो. पाणी मागायचं नाही, असा नियम आहे.