बियाण्याची माळ

ओंक्या, ते बुटाचं खोकं आधी खाली ठेव. झाकणाला नख लावू नकोस. शाळेतल्या बाईंनी अळी दिली, तू तिला लिंबाची पानं घातलीस, तिनं कोश केला, इथवर छान झालं. आता तुला कोशात डोकावायचंय, होय ना? ये, पांघरुणात ये. सानू, तूही सरक. घाई केल्याचीच गोष्ट आहे आज.

लांब तिकडे, झाडीच्या मुलखात, एक होता राजा. त्याच्याकडे ना हत्ती होते ना सोनं. होती ती नुसती ऐनाची झाडं. त्या झाडांवर हिरव्यागार अळ्या राहायच्या. खाऊन खाऊन जाड झाल्या की स्वतःभोवती कोसा, म्हणजे कोशच, विणायच्या. त्या कोशांचं रेशीम निघायचं, बरं का.

राजाची मुलगी तेजू. तिच्या हातात बांगड्या कमी आणि अळ्याच जास्त. अंडी ती पळसाच्या द्रोणात जपायची. अळ्या निघाल्या की झाडावर सोडायची. एका फांदीची पानं संपली की दुसरीवर न्यायची, कावळे हाकलायची. सगळ्या तिला ओळखायच्या.

त्या राज्यात एक रीत होती. कोसे उतरवले की त्यातले मोठे, टणक निवडायचे आणि माळ करून आढ्याला टांगायची. ती बियाण्याची माळ. बाकीचे कोसे उकळून धागा काढायचा, पण या माळेला हात लावायचा नाही. त्यातून पाखरं निघणार, ती अंडी घालणार, मग पुन्हा अळ्या.

मग काय झालं, राणी आजारी पडली. हुडहुडी काही जाईना. शेक झाला, काढे झाले, दातावर दात वाजतच राहिले. वैद्य म्हणाले, कोशाचा शेला पांघरा. म्हातारे कोष्टीबाबा विणायला बसले. शेवटी म्हणाले, "बाईसायेब, शेला हातभर कमी पडते जी."

बाकीचे कोसे संपले होते. तेजूनं आढ्याकडे, माळेकडे पाहिलं. पाखरं निघेपर्यंत थांबायला हवं होतं. पण आई कुडकुडत होती ना.

तिनं थोडे कोसे तोडले. आतून बारीक आवाज आला, "तेजू, थांब गं. पंख करतोय." तिनं ते उकळले. शेला तरी कमीच. मग आणखी तोडले. "तेजू, थांब गं. पंखांवर डोळे काढतोय." तेही उकळले. शेला चार बोटं कमी. मग तिनं उरलेली माळच उतरवली. "तेजू, आम्ही उद्या निघणार होतो," आवाज म्हणाला. तेजूनं कानांवर हात ठेवले आणि चूल पेटवली.

शेला पुरला. राणीची हुडहुडी थांबली. पण झोप लागेना. "तेजू, या शेल्यात कोणीतरी कुजबुजतंय गं," ती म्हणायची. मग एकदा तिनं आढ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "माळ कुठंय?" तेजूनं शेल्याकडे बोट दाखवलं. राणी रागावली नाही. तिनं शेला नुसता काढून ठेवला. त्यापेक्षा दोन रट्टे दिले असते तर बरं झालं असतं.

ऐनाला पालवी फुटली. पानं खायला कोणी नव्हतं. तेजू रिकामा द्रोण घेऊन झाडाझाडाखाली रडत हिंडली. आणि एका उंच फांदीवर तिला एक कोसा दिसला, उतरवताना राहून गेलेला. या वेळी तिनं हात लावला नाही. खाली बसून राहिली.

कोशाचं टोक ओलं झालं. पाखरू निघालं. पंख चुरगळलेले, मग हळूहळू सरळ झाले. तेजूनं त्याच्यापुढे मध ठेवला, ते खाईना. मग दूध ठेवलं, मग उसाचा रस. पाखरू म्हणालं, "मला तोंडच नाही गं. अळी होते तेव्हाच काय ते खाल्लं."

"मग तुझ्यासाठी काय करू?" तेजूनं विचारलं.

"अंडी सांभाळ."

मग पलीकडच्या जंगलातून नर आला. पाखरानं अंडी घातली आणि थोड्याच दिवसांत ते पानासारखं गळून पडलं. तेजूनं अंडी द्रोणात घेतली. अळ्या निघाल्या, थोड्याशाच. त्या वर्षी एकही कोसा उकळला नाही, सगळ्यांची माळ केली. मग पुढे झाडं भरली, राणी साध्या गोधडीत झोपू लागली, सगळे सुखानं राहिले. तो शेला मात्र तेजूनं आढ्याला टांगला, माळेच्याच जागी.

काय रे ओंक्या? शेल्यातली पाखरं? नाही बाळा, ती नाही आली. तेजू म्हातारी झाली तरी पालवी फुटली की त्या शेल्याखाली जाऊन उभी राहायची, कान देऊन.

खोकं कुठं नेतोस? खिडकीत? बरं. झाकण किलकिलं ठेव, फुलपाखरू निघालं तर त्याला वाट हवी. आता डोळे मिटा. त्याचं काम चाललंय, तुम्ही तुमचं करा, झोपा.