दसऱ्याचा हार

गावात एकच मोटार होती, दादासाहेबांची, आणि तीही म्हातारी झाली होती, तेव्हाची गोष्ट. दसऱ्याला तिच्या पितळी हॉर्नला झेंडूचा हार मिळाला. हॉर्न ऐटीत म्हणाला, "मी ओरडतो म्हणून रस्ता मोकळा होतो. चाकाआड लपलेल्या ब्रेकला कोण विचारतं?"

पण याकूब मिस्त्रींनी पूजेआधी चाकं उतरवली. ब्रेकचे पट्टे झिजून कागदासारखे झाले होते.

"दादासाहेब, काल घाटातून तुम्हाला सुखरूप उतरवलं ते यांनी," म्हणत त्यांनी नवे पट्टे बसवले.

दादासाहेबांनी हारातलं एक फूल तोडून झिजलेल्या पट्ट्यावर वाहिलं.

हॉर्न फुरंगटला, "हार माझा आहे!"

"असू दे की," पट्टा हसला. "पण तो घालायला गाडी उभी कुणी केली?"